चौकाचीं तीन नांवें

विद्यार्थ्याच्या वहींत चूक सांपडली म्हणजे आम्ही तिच्याखालीं लाल रेघ ओढतों, आणि तेंच उत्तर शुद्ध करून पांच वेळां लिहून आणावयास सांगतों. या शाळेंत शिकवूं लागल्यास आम्हांस वीस वर्षांवर काळ लोटला. तेवढ्या अवधींत किती रेघा ओढल्या याची गणति नाहीं. २०२५ च्या डिसेंबरांत इयत्ता नववीची सहल मुंबईस गेली असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि आम्हीं त्याचें उत्तर चुकीचें दिलें. तें उत्तर ज्यांनीं ज्यांनीं ऐकिलें त्या सर्वांच्या मनांत शिरून तें खोडणें आम्हांस शक्य नाहीं. कित्येकांनीं तें घरीं आईबापांसहि सांगितलें असेल. म्हणून संपादकांकडे या अंकांत थोडी जागा मागून घेतली आहे.

बेचाळीस विद्यार्थी आणि तीन शिक्षक एवढा तांडा. उतरण्याची सोय भायखळ्यास होती. तेथून लोकल गाडीनें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर येऊन, दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून, दुकानें मोजीत आणि मुलें मोजीत आम्ही दक्षिणेकडे चालूं लागलों. दुकानें एकदां मोजलीं तरी चालतें. मुलें दर वळणावर मोजावीं लागतात. पंधरा मिनिटें चालल्यावर रस्ता एकाएकीं रुंदावतो, चहूंकडून वाटा येऊन मिळतात, आणि समोर एक दगडी कारंजें दिसतें. कारंज्याच्या शिरावर एक पाश्चात्य वळणाची स्त्रीमूर्ति उभी आहे. तिच्यापासून कांहीं पावलांवर शेतकरी व कामगार अशा दोन पुरुषांचा पुतळा आहे आणि त्यांच्या हातीं मशाल आहे. जवळच दादाभाई नौरोजींचा पुतळा. देवी, शेतकरी, कामगार आणि पार्लमेंटचा पारशी सभासद अशी ही चौघांची पंगत एका चौकांत कशी बसली, हें सांगावें म्हणून आम्हीं घसा साफ केला, तोंच एका मुलीचें लक्ष पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पाटीकडे गेलें.

“सर, पाटीवर चर्चगेट लिहिलें आहे. चर्च कोठें आहे? आणि गेट कोठें आहे?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येत होतें, आणि उत्तर येत असलें म्हणजे शिक्षकाचा आवाज आपोआप चढतो. गेट आतां नाहीं. पण ज्या जागीं आपण उभे आहों तेथेंच तें होतें, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां मुलांनीं पायाखालीं पाहिलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं, चार्ल्स बून गव्हर्नर असतां, इंग्रजांनीं मुंबई नगराभोंवतीं तट बांधिला. त्याला तीन दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, उत्तरेस बझार गेट आणि पश्चिमेस चर्च गेट. तटाबाहेर खंदक आणि खंदकापलीकडे मोकळें मैदान. तट जाऊन दीडशें वर्षांवर झालीं तरी मुंबईकर या भागास अद्यापि फोर्ट किंवा कोट असेंच म्हणतो.

आणि चर्च? तें आहे तेथेंच आहे. चौकांतून पूर्वेकडे वीर नरिमान रस्त्यानें पांच मिनिटें चाललें कीं सेंट थॉमस कॅथीड्रलचा मनोरा दिसतो. मुलांना आम्ही तेथें घेऊन गेलों. या देवालयाचा पाया गव्हर्नर जेरल्ड आँजिअर यांनीं १६७६ सालीं घातला. त्यानंतर काम थांबलें, आणि सुमारें चाळीस वर्षें अर्धवट भिंती तशाच ऊनपाऊस खात उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब नांवाचे पाळक आले, त्यांनीं लोकांच्या मागें लागून वर्गणी जमविली, आणि १७१८ च्या नाताळांत पहिली उपासना झाली. ज्या ज्या मंडळींच्या देवालयाचें बांधकाम निधीअभावीं अडून राहिलें आहे, त्यांच्या पंचांनीं हा चाळीस वर्षांचा दाखला जवळ बाळगावा! या चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून तटाच्या दरवाजाला चर्च गेट हें नांव पडलें. दरवाजा पाडल्यावर तेंच नांव रस्त्याला राहिलें. रस्त्याचें नांव बदलल्यावर तें पश्चिम रेल्वेच्या स्टेशनाला चिकटून राहिलें. आज रोज जे असंख्य लोक चर्चगेटचें तिकीट काढतात, त्यांपैकीं कितीजणांनीं तें चर्च पाहिलें असेल?

तट पडला कसा हें मुलांस सांगण्यासाठीं कापसाची गोष्ट सांगावी लागली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग व्हऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो सगळा पैसा मुंबईच्या पेढ्यांवरून वाहूं लागला. १८६२ सालीं सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आले. शत्रूची भीति संपली होती. तटामुळें वारा अडे, दाटी होई, खंदकांत घाण सांचे. फ्रिअरसाहेबांनीं तट पाडण्याचें काम हातीं घेतलें, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांत नव्या नगराची आंखणी केली. १८६५ त अमेरिकेचें युद्ध थांबलें, भाव कोसळले, कित्येक सावकार एका रात्रींत भिकेस लागले. पण इमारती मागें राहिल्या. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा हीं दोन्ही कामें १८७८ सालीं पुरीं झालीं. राजाबाई हें प्रेमचंद रायचंद या कापसाच्या राजाच्या आईचें नांव.

कारंजें याच भरभराटीच्या दिवसांतलें आहे. त्याचें साल १८६४ देतात. पश्चिम हिंदुस्थानच्या शेतकी व बागायती मंडळीनें तें करविलें. खर्च सुमारें ४७,००० रुपये आला, आणि त्यांपैकीं २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या एका गृहस्थांनीं दिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, घडण जेम्स फोर्साइथ यांची, आणि दगड इंग्लंडच्या पोर्टलंड येथून आणिलेला. (याच शॉसाहेबांनीं पुढें लंडनच्या पोलिसांसाठीं न्यू स्कॉटलंड यार्ड ही इमारत उभारली.) मंडळी बागायती होती, म्हणून मूर्ति फुलांच्या देवतेची, रोमन लोकांच्या फ्लोराची. मूळ बेत ती भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेंत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानांत, बसविण्याचा होता. कारंज्याला नांवहि फ्रिअर यांचें द्यावयाचें होतें. बेत फिरला. फुलांची देवता फुलें सोडून चव्हाठ्यावर आली आणि गव्हर्नराचें नांव मागें पडून लोकांच्या तोंडीं तिचेंच राहिलें. आमच्या मतें दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. बागेंत ती राहिली असती तर वाघसिंह पाहावयास आलेल्या मुलांनीं तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नसतें.

चौकांत ट्रामगाड्या कशा फिरत तेंहि सांगितलें. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत ट्राम सुरू झाली, तेव्हां ती घोडे ओढीत. १९०७ सालीं ती विजेवर धांवूं लागली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं शेवटची ट्राम धांवली. या शतकांत कारंज्याचा जीर्णोद्धार चालू असतां जमिनीखालीं ट्रामचे जुने रूळ सांपडले. कारंजें स्वतः पुष्कळ वर्षें कोरडें पडलें होतें. कोणा उत्साही मंडळींनीं दगडावर थरावर थर तैलरंगाचे चढविल्यानें देवीचें मूळ रूप झांकून गेलें होतें. तो रंग खरवडून, फुटके अवयव सांधून, पाण्याच्या वाटा मोकळ्या करून २०१९ च्या जानेवारींत तें पुन्हां वाहतें केलें.

एवढें सर्व आम्हीं सांगितलें आणि मुलांनीं वहींत उतरून घेतलें. मग स्मारकाच्या समोर उभे राहिलों. ऊन चढलें होतें, गेटवेला जावयाचें होतें, एका मुलीची पाण्याची बाटली कोठें तरी राहिली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठीं प्राण दिलेल्या १०६ हुतात्म्यांचें हें स्मारक, येथें २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं गोळीबार झाला, १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें, एवढीं तीन वाक्यें आम्हीं बोललों. कारंज्याला अर्धा तास दिला आणि स्मारकाला तीन वाक्यें! चालावयास लागावें एवढ्यांत मागच्या रांगेंतला एक विद्यार्थी, जो वर्गांत क्वचितच तोंड उघडतो, पुढें आला व हळूच म्हणाला,

“सर, ह्या लोकांत आपल्यांतलें कोणी होतें का?”

‘आपल्यांतलें’ म्हणजे कोण, हें त्यास फोड करून सांगावें लागलें नाहीं. आमच्या मुलांना हा प्रश्न कोठें ना कोठें भेटतोच. नांव सांगितलें कीं समोरचा विचारतो, तुम्ही मराठी कसे? मग पणजोबांचें गांव सांगावें लागतें, भाकरी आणि ठेचा खातों हें सांगावें लागतें. त्या मुलाच्या डोळ्यांत हाच प्रश्न उलट फिरून आला होता. आणि आम्हीं, घड्याळाकडे पाहत, म्हटलें, “नाहीं, रे. आपलीं माणसें त्यांत नव्हतीं.”

हें उत्तर आमचें नव्हतें. तें आमच्या आजोबांचें होतें.

आजोबा नेवासें तालुक्यांतील एका खेड्याचे. मिशनच्या छापखान्यांत ते खिळे जुळवावयास शिकले, आणि १९४८ सालीं मुंबईस येऊन फोर्टांतील एका छापखान्यांत खिळेजुळारी म्हणून लागले. भायखळ्याच्या चाळींत एक खोली, रविवारीं मराठी मंडळीची उपासना, रोज ट्रामनें फाउंटनपर्यंत. उलटीं अक्षरें वाचण्याची त्यांस इतकी संवय झाली होती कीं म्हातारपणींहि आमची वही ते समोर बसून उलटीच वाचीत, आणि शुद्धलेखनाची चूक बोट ठेवून दाखवीत.

१९५५ च्या ऑक्टोबरांत राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. इतर बहुतेक मोठ्या भाषांना आपापलीं राज्यें मिळणार होतीं. मराठी व गुजराथी यांचें मात्र द्विभाषिक राज्य असावें, आणि विदर्भ निराळा राहावा, अशी शिफारस होती. मुंबई शहर कोणाचें हा वाद पेटला. सोमवार, २१ नोव्हेंबरला विधानसभेकडे मोर्चा निघाला. गिरण्यांतले, गोदींतले, कारखान्यांतले कामगार काम टाकून आले. आजोबांच्या छापखान्यांतले बहुतेक सोबती हातावरची शाई तशीच ठेवून निघून गेले. शेजारच्या केसवर काम करणारा एक मित्र त्यांस बोलवावयास परत जिन्यावरून वर आला. आजोबा गेले नाहींत. मंडळींतल्या वडीलधाऱ्यांनीं बजाविलें होतें कीं राजकारणांत पडूं नका, आपण मूठभर माणसें. घरीं आमचे वडील तीन महिन्यांचे होते. दुपारीं फाउंटनच्या बाजूनें आवाज आले, तेव्हां आजोबा केसपुढें उभेच होते, आणि हातांत कोणतें अक्षर होतें तेंहि त्यांस पुढें आठवत असे. त्या दिवशीं १५ माणसें मेलीं. मित्र आठ दिवसांनीं कामावर आला तो दंडाला पट्टी बांधून. पुढें कित्येक दिवस आजोबांनीं आपलें काम संपवून त्याच्या वांट्याचे खिळे जुळविले. दोघांत त्याविषयीं बोलणें झालें नाहीं.

हें सारें त्यांनीं आम्हांस १९९८ सालीं सांगितलें. आम्ही तेव्हां मुंबईंत शिकत होतों. फाउंटनच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचे ढीग मांडून विक्रेते बसत. कमरेइतके, छातीइतके ढीग. आणि मालकाला प्रत्येक पुस्तकाची जागा ठाऊक. आमचें अर्धें शिक्षण त्या पदपथावर झालें. २००५ सालीं महापालिकेनें पुष्कळ विक्रेते तेथून उठविले, तेव्हां आम्हांस एखादें ग्रंथालय जळाल्यासारखें वाटलें. एके दिवशीं आजोबा बरोबर आले होते. आम्ही शब्दकोशाच्या किंमतीची घासाघीस करीत होतों. मागें वळून पाहतों तों आजोबा रस्ता ओलांडून स्मारकासमोर टोपी हातांत घेऊन उभे. शब्दकोश तसाच टाकून आम्ही गेलों. तेव्हां त्यांनीं वरील हकीकत सांगितली, आणि शेवटीं म्हणाले, “आपलें कोणी त्यांत नव्हतें, बाळ. आपण लांबच राहिलों.” त्यांच्या बोलण्यांत अभिमान नव्हता, परंतु थोडासा आधार होता. आपण एकटेच मागें राहिलों नाहीं, आपली सगळी मंडळीच मागें राहिली, एवढाच तो आधार. त्यांस आम्हीं कांहीं विचारलें नाहीं. ते २००३ सालीं प्रभूकडे गेले.

सहलीहून परत आल्यावर नाताळची सुट्टी लागली. त्या विद्यार्थ्याचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून जाईना. शाळेच्या ग्रंथालयांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयीं एक जुनें पुस्तक आहे. त्याच्या शेवटीं हुतात्म्यांची यादी छापलेली आहे. इतिहासाचे शिक्षक असून ती यादी आम्हीं आजवर उघडली नव्हती. आजोबांचा शब्द होता. पडताळा कशाला पाहावा?

पहिलें नांव सीताराम बनाजी पवार. त्याच्याच खालीं जोसेफ डेव्हिड पेजारकर. आम्ही तेथेंच थांबलों. कोंकणांतील बेने इस्राएल बांधवांत अशीं नांवें आढळतात, पुढें पवित्र शास्त्रांतलें नांव आणि मागें गांवाचें ‘कर’. पुढें चिमणलाल डी. शेठ, म्हणजे गुजराथी धाटणीचें नांवहि त्यांत आहे, आणि आम्ही मुलांस वर्षानुवर्षें हा लढा दोन भाषांचें भांडण असल्यासारखा शिकवीत आलों! पुढें के. जे. झेवियर. त्याच्या लगत पी. एस. जॉन. वेदीसिंग. आणि बरीच नांवें ओलांडल्यावर, जाधव, मोरे, सुतार, पानवलकर यांच्या मागून, एडविन आम्ब्रोझ साळवी.

साळवी! एडविन हें आमच्या वर्गांत आज बसलेल्या एका मुलाचेंहि नांव आहे. आम्हीं यादी मिटली, पुन्हां उघडली. हीं माणसें कोण, कोठें राहत, कोणत्या मंडळींत जात, हें यादींत लिहिलेलें नाहीं; नांवावरून मनुष्य ओळखावा तेवढेंच आम्हीं ओळखिलें. पण ‘आपलीं माणसें त्यांत नव्हतीं’ हें वाक्य उभें राहूं शकत नाहीं, एवढें त्या पानावर स्पष्ट छापलेलें होतें. आजोबा खिळेजुळारी, एवढीं नांवें कोणत्या ना कोणत्या छापखान्यांत कोणीतरी एकेक अक्षर उचलून जुळविलीं असतील. तीं त्यांच्या हातून गेलीं असतीं, तर पांच वर्षें कमी जगले असते कीं पांच वर्षें अधिक, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. मेलेल्या माणसाचा आधार काढून घेणें बरें कीं वाईट, याचाहि आम्हीं त्या सुट्टींत पुष्कळ विचार केला. शेवटीं वाटलें कीं आजोबा असते तर त्यांनीं चुकीवर बोट ठेविलें असतें.

जानेवारींत शाळा उघडली त्या पहिल्या तासाला आम्हीं फळ्यावर नांवें लिहिलीं, आणि डिसेंबरांत चौकांत दिलेलें उत्तर चूक होतें असें सांगितलें. वर्ग थोडा वेळ स्तब्ध राहिला. शिक्षक चुकला म्हणजे मुलांस आनंद होतो असा आमचा अनुभव होता. त्या दिवशीं तसें झालें नाहीं. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें हात वर केला.

“सर, पांच वेळां लिहावयाचें का?”

“तुम्हीं नव्हे,” आम्हीं म्हटलें. त्या रात्रीं आम्हीं तें पांच वेळां लिहिलें.

फेब्रुवारींत कामानिमित्त एकट्यानें मुंबईस जाणें झालें. २०२५ च्या ऑक्टोबरांत कफ परेडपर्यंत पुरी झालेली भुयारी मेट्रो त्या चौकाखालून जाते, आणि तिच्या स्थानकाला हुतात्मा चौक हेंच नांव आहे. याच मार्गावर वरळीस आचार्य अत्रे चौक म्हणून स्थानक आहे. ज्यांच्या ‘मराठा’ पत्रानें हा लढा घरोघर नेला त्यांचें नांव जमिनीखालून पुकारलें जातांना ऐकून आम्हांस हंसूं आलें. अत्र्यांस मात्र जमिनीखालीं बोलणें जमलें नसतें. डब्यांत बाई गोड आवाजांत सांगते, पुढील स्थानक हुतात्मा चौक. आणि कानांत नळ्या घातलेलीं तरुण मंडळी मान वर न करितां उठून दाराशीं येतात. आजोबा ट्रामनें ज्या चौकांत उतरत, त्याच चौकांत आम्ही आतां खालून वर आलों. चर्च गेट, फ्लोरा फाउंटन, हुतात्मा चौक हीं एकाच जागेचीं तीन नांवें, आणि जुना टॅक्सीवाला अजूनहि ‘फाउंटन’ म्हटल्यावांचून गाडी वळवीत नाहीं.

सकाळचे नऊ वाजले होते. पश्चिमेकडून चर्चगेटच्या गाड्यांनीं आणिलेला आणि उत्तरेकडून टर्मिनसवरून चालत आलेला असे माणसांचे दोन लोंढे चौकांत एकमेकांना छेदीत होते. काळे कोट हातावर टाकलेले वकील, बँकांतल्या बायका, डबे घेतलेले पांढऱ्या टोप्यांचे डबेवाले, कागदांच्या चळती उराशीं धरलेले शिपाई. कोणी कोणाला आपटत नाहीं आणि कोणी कोणाकडे पाहतहि नाहीं. चहावाला एका हातांत सहा पेले धरून रस्ता ओलांडतो. वडापावच्या गाडीपुढें न्यायालयाचा कारकून आणि झाडूवाला एकाच कागदांतली चटणी पुसून खातात. पदपथावर पुस्तकवाले आहेत, पण थोडे. ढीग आतां गुडघ्याइतके. त्यांत परीक्षांचीं पुस्तकें आणि श्रीमंत होण्याचे उपाय सांगणारीं पुस्तकें फार. आम्हीं जुना शब्दकोश विचारला, तर विक्रेता म्हणाला, “साहेब, शब्द आतां फोनमध्यें असतात.” तरी पण त्यानें ढिगाच्या तळाशीं हात घालून एक काढून दिला. कव्हर नव्हतें, किंमत दीडशें सांगितली, शंभराला दिला. सत्तावीस वर्षांपूर्वीं जो टाकून आम्ही धांवलों तो हाच, असें मानावयास हरकत नाहीं.

कारंज्याभोंवतीं उन्हांत बसावयास जागा केली आहे. एक म्हातारा कबुतरांकडे पाहत बसला होता. दोन मुली देवीकडे पाठ करून स्वतःचें छायाचित्र काढीत होत्या. स्मारकाकडे कोणी नव्हतें. १ मे व २१ नोव्हेंबर या दोन दिवशीं तेथें पुष्पचक्रें येतात, मंत्री येतात, वाद्यें वाजतात. मधल्या दिवशीं मशालवाले दोघे एकटे असतात. आम्ही समोर जाऊन उभे राहिलों. आमच्या डोक्यावर टोपी नसते, म्हणून काय काढावें तें कळेना; चष्मा काढून हातांत घेतला. खिशांत नांवें लिहिलेला कागद होता. तो उलगडून आम्हीं नांवें वाचलीं, मोठ्यानें नव्हे, पण ओठ हालवून. सीताराम बनाजी पवार यांच्यापासून आरंभ केला आणि मध्यें कोणास वगळलें नाहीं. एकशें सहा नांवें वाचावयास वाटतो त्याहून अधिक वेळ लागतो. साळवी यांच्या नांवापर्यंत आलों, तेव्हां चौकांतला वाहतुकीचा पोलीस जवळ आला. बराच वेळ एक मनुष्य कागद हातांत धरून पुटपुटत आहे हें पाहून त्यास शंका आली असावी.

“काय काका, काहीं निवेदन द्यायचं आहे का?” त्यानें विचारलें.

“नाहीं,” आम्हीं म्हटलें. “हजेरी घेत आहों.”

त्यानें एकदां आमच्याकडे आणि एकदां पुतळ्याकडे पाहिलें. “घ्या, घ्या,” म्हणाला, “पण जरा या बाजूला सरकून उभे राहा, तिथं गाड्या वळतात.” आम्ही सरकलों, चष्मा लाविला, आणि राहिलेलीं नांवें वाचावयास घेतलीं.